शेळीच्या दोरीची खाच

आईला मैसराचा सलाम,

कैरवानात मी सुखरूप आहे. दगड उचलून खांदा जरा ठणकतो, पण हात चालतोय, त्यामुळे काळजी करू नकोस.

मशिदीसाठी आपल्या अंगणातला जुना दगडी खांब उचलून नेला, तेव्हा तू जेवली नव्हतीस. तो इथे उभा आहे. आधी आम्हा गवंड्यांचे उस्ताद म्हणाले, "हा बुटका कशाला आणलात? भट्टीत टाका, चुना तरी होईल." मी म्हटलं, "खाली उंच बैठक देतो, कमान बरोबर जुळेल." आणि जुळली. तशीही इथे एका खांबाची उंची दुसऱ्याला नाही, सगळे कुठल्या कुठल्या पडक्या इमारतींतून आणलेले.

तुझ्या शेळीच्या दोरीने पडलेली खाच मात्र मी घासू दिली नाही. इद्रीसबाबा म्हणून एक आंधळे म्हातारे रोज खांब चाचपत येतात. खाच बोटाला लागली की तिथेच नमाजाला उभे राहतात. म्हणतात, "ज्याने ही खूण ठेवली, त्याचं अल्ला भलं करो."

शेळीचं मी त्यांना सांगितलेलं नाही. रोज तुझ्या नावावर एक दुआ जमा होतेय, होऊ दे.

शेळी दूध देते ना? आणि आता तरी पोटभर जेव.

तुझाच,
मैसरा