पुढच्या खोलीला शटर बसणार नाही

मी, सुकन्या महादेवप्पा बिराजदार, वय एकाहत्तर, अविवाहित, बंदराच्या नोकरीतून निवृत्त, राहणार देगलूर, जि. नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुतण्या संगमेश याला शंका असल्यास त्याने आधी स्वतःचा दाखला आणावा.

१. मागचे घर, न्हाणीघर आणि गळकी टाकी संगमेशला द्यावी. टाकी दुरुस्त करून देतो, असे तो दर दिवाळीला म्हणत असे. आता ती त्याचीच आहे.

२. चांदीचे काटे-चमचे तीन नातलग बायकांनी माझ्या हयातीतच मागितले. ते शेजारच्या ज्योत्स्ना गायकवाड हिला द्यावेत. तिने मागितले नाहीत.

३. बंदरातल्या मैत्रिणींचा आग्रह आहे की माझ्या अस्थी समुद्रात सोडाव्यात. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. त्यांनी बादली घेऊन येऊ नये.

४. आता पुढच्या खोलीविषयी, जिच्यासाठी हा सारा खटाटोप.

नोकरीभर मी कोकणातल्या कोळ्यांना मालवाहू जहाजांच्या वाटा समजावल्या: जाळे कुठे टाकू नये, बोटीवर दिवा का ठेवावा. गावी परतले तेव्हा इथली मुले जहाजांवर कामाला जाऊ लागली होती आणि घरच्यांना काहीच कळत नव्हते. म्हणून मी पुढच्या खोलीत संगणक ठेवला, भिंतीवर नकाशा लावला. कोणीही यावे आणि आपल्या माणसाचे जहाज कुठे आहे ते पाहावे. माझ्या मागे संगमेशला तिथे शटर बसवून मोबाइलचे दुकान काढायचे आहे. "आत्या, मेन रोडची जागा नकाशाला कशाला?" म्हणतो. मुलांच्या आया मेन रोडनेच येतात म्हणून.

त्याची आई, माझी भावजय रत्नम्मा, हिने तर गावभर सांगितले, "नळाला पाणी न्हाई अन् ही समुद्र दाखवून राहिली." हे मी विसरलेले नाही.

मग तिचाच नातू श्रीशैल जहाजावर लागला. गुजरातेतल्या मुंद्र्याहून आफ्रिकेतल्या मोम्बासाला निघाला आणि भर समुद्रात संगणकावरचा त्याच्या जहाजाचा ठिपका नाहीसा झाला. किनाऱ्यावरच्या यंत्रांना तेवढ्या लांबचे दिसत नाही, जहाज जवळ आले की ठिपका परत येतो, हे मी वहिनीला सांगितले. तिने ऐकले नाही. महादेवाला अभिषेक मांडला, उदगीरच्या पाहुण्यांना निरोप धाडला. पाहुणे जीप भरून रडायला आले. त्यांचे रडणे ऐन रंगात असताना ठिपका मोम्बासापाशी उगवला. पाहुणे जेवून गेले.

तेव्हापासून वहिनी रोज येते. चहा घेत नाही, माझ्याशी बोलत नाही. पण परवा एका नवख्या आईचा ठिपका गेला आणि ती हंबरडा फोडणार, तोच वहिनीने तिला धरून बसवले. "गप बस गं माय. जहाज लांब गेलंय, बुडालं न्हाई. माझं पोरगं गेलतं की असंच. येतंय परत."

मी हेच गेली कित्येक वर्षे शुद्ध मराठीत सांगत आले. कोणाचे रडे थांबले नव्हते.

सबब पुढची खोली, संगणक व नकाशा रत्नम्मा शिवमूर्ती बिराजदार हिला द्यावा. ज्योत्स्नाला संगणक चालवता येतो, वहिनीला माणसे गप्प करता येतात. दोघींनी मिळून चालवावे. वहिनीनंतर खोली ज्योत्स्नाकडे जावी. वीज आणि इंटरनेटचा खर्च माझ्या ठेवीच्या व्याजातून व्हावा. संगमेशला आईविरुद्ध कोर्टात जायचे असल्यास त्याने खुशाल जावे. तिला तो माझ्यापेक्षा चांगला ओळखतो.

५. मला पुरायला नेतील त्या दिवशीही खोली उघडी ठेवावी. कोणी आई आली तर आधी तिच्या मुलाचे जहाज कुठे आहे ते सांगावे. माझे नंतर सांगितले तरी चालेल.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर सही केले. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. चष्मा दोघांनी एकच वापरला.

सही: सुकन्या म. बिराजदार

साक्षीदार:
१. अश्वजित निवृत्ती वाघमारे, वकील
२. अमरनाथ नागप्पा हुडगे, निवृत्त पोस्टमास्तर

स्थळ: देगलूर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५