चिमूट-चिमूट

मंगळवार, १२ नोव्हेंबर २००२

शिनोलीला नणंदेकडे जेवून आताच घरी आलो. अजून हसू आवरत नाहीये.

गेल्या वर्षी यांच्या छातीत दुखलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. मी केलं, तर यांनी आमटी अळणी म्हणून ताटच सारलं. मग मी आधीसारखं मीठ घातलं आणि यांना न सांगता चिमूट-चिमूट कमी करत गेले. ही फसवणूक का? असेना!

आज पहिल्याच घासाला हे म्हणाले, "आक्का, आमटी लई खारट झाली गं!"

"न्हाई रे, नेहमीएवढंच मीठ हाय."

लग्नापासून जिच्या आमटीचं कौतुक ऐकत आले, तिलाच! मी पदराआड हसले.

चिमूट-चिमूट करत जिंकले बाई. आता लोणच्याच्या बरणीची पाळी.