ज्या कपात चमचा, तो माझा

तीर्थस्वरूप दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्टी आहे, त्यामुळे ती जरा दूरदूर जोडली गेली आहेत असं समजा. कारण पुढे येईलच.) तुमची पाठ आता कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? मुलांच्या परीक्षा झाल्या असतील. इकडे सगळे ठीक आहोत. "सगळे" हा शब्द लिहिताना माझा हात थोडा थबकला हे खरं, पण तुम्ही काळजी करू नये. काळजीचं खातं या घरात मी सांभाळतो, आणि त्यात आता दुसऱ्या कुणाला जागा नाही.

तुमच्या अप्पांची तब्येत तुम्ही मागच्या पत्रात विचारली होती. मी उत्तराला तीन आठवडे लावले, त्याबद्दल माफी असावी. उत्तर काय द्यावं हेच मला कळत नव्हतं. छातीत धडधड होते, मधूनच एखादा ठोका चुकतो, म्हणून आम्ही त्यांना इथे आणलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासून सांगितलं की काळजीसारखं फार नाही, पण तीन आठवडे चहा बंद, कॉफी बंद, मग पुन्हा दाखवायला या. अप्पांनी मान डोलावली. मला तेव्हाच धसका बसला. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या बांधलेला माणूस डॉक्टरांपुढे इतक्या मुकाट्याने मान डोलावतो, तेव्हा त्याने काहीतरी ठरवलेलं असतं.

तुमची बहीण पहाटे पाचला तलावावर जाते, पोरांना पोहायला शिकवते आणि दुपारी तीनला परत येते. मी घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. म्हणजे मधले दहा तास अप्पा माझ्या ताब्यात. (की मी त्यांच्या, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.) पहिल्या दिवशी त्यांना साधं गरम दूध दिलं. त्यांनी कपाकडे असं पाहिलं, जणू कुणी चुकीचं औषध परत आणून दिलं आहे. काही बोलले नाहीत. दिवसभरच बोलले नाहीत. संध्याकाळी तुमची बहीण मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "असं सुकत चाललं तर हृदयाआधी माणूसच बसेल. काहीतरी कर ना!"

तेव्हा मी केलं. जव आणले, कॉफीत मिसळतात ती थोडी चिकरी आणली, आणि ठरवलं की खमंग भाजून, दळून, वर मसाला घालून अप्पांना कॉफी म्हणून द्यायचं. वाचायला हे एका ओळीत झालं. करायला चार दिवस लागले. जव भाजताना ते नेमके केव्हा तपकिरी आणि केव्हा काळे होतात यात एका श्वासाचं अंतर असतं, आणि मी तो श्वास घेत होतो. धूर इतका झाला की खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई पाण्याची बादली घेऊन वर आल्या. कढई घाईने उचलली ती डाव्या हाताने, आणि फडकं उजव्या हातात. (तीन बोटं तिथे गेली.) मसाल्याचं तर विचारू नका. वेलची, सुंठ, दालचिनी, दोन लवंगा, चार मिरे. मिक्सरचं झाकण मी जरा लवकर काढलं आणि पुढचा पाऊण तास मी आणि शिंपीणबाई आळीपाळीने शिंकत होतो. जायफळ किती घालावं हे मला माहीत नव्हतं. दिसायला छोटंसं असतं, म्हणून मी अर्धं किसून घातलं.

दादा, ते अर्धं जायफळ मी जन्मात विसरणार नाही. सकाळी दहाला आम्ही दोघांनी कप घेतले. तुमची बहीण तीनला आली तेव्हा अप्पा गॅलरीतल्या खुर्चीत मान टाकून, आणि मी टेबलावर, कपाळ संगणकाच्या बटणांवर. पडद्यावर "ळ" या एकाच अक्षराची एकशे बारा पानं झाली होती. तिला वाटलं, दोघेही गेलो. तिने गळ्यातली शिट्टी इतक्या जोरात फुंकली की अप्पा एकदम उठून "सुटे आहेत का?" म्हणाले. त्यानंतर मी तिच्या चेहऱ्याकडे दोन दिवस पाहिलं नाही.

जायफळ चिमटीवर आलं आणि मग मात्र कॉफी जमली. रंग तोच, वास जवळजवळ तोच. पण माझं मन शांत बसेना. एकट्यालाच कप दिला तर त्यांना शंका येईल, म्हणून मीही त्यांच्याबरोबर प्यायचं ठरवलं. मी दिवसाला सात कप घेणारा माणूस (हे तुमच्या बहिणीला चार असं माहीत आहे), पण घरात पथ्याचं माणूस असताना ते शोभेना, म्हणून दोनवर आलो. एक सकाळी, एक दुपारी. दोन शेगड्या, दोन पातेली, दोन पांढरे कप. अप्पांचा जवाचा, माझा खऱ्या कॉफीचा, मसाला दोन्हींत तोच. कप वेगळे घेतले असते तर त्यांनी विचारलं असतं, म्हणून सारखेच घेतले. मग मलाच भीती वाटली की चुकून खरा कप त्यांच्याकडे गेला तर? रात्री या विचाराने झोप लागेना. शेवटी युक्ती सुचली. ज्या कपात चमचा, तो माझा. साधी, बिनचूक. मला स्वतःचाच अभिमान वाटला. असा क्षण माझ्या आयुष्यात फारसा येत नाही, आणि आला की मागून काहीतरी येतंच.

आलं ते डोकेदुखीच्या रूपाने. दुसऱ्या आठवड्यात डोकं असं ठणकायला लागलं की वाक्याचं सुरुवातीचं टोक शेवटापर्यंत लक्षात राहीना. दुपारी जांभयांवर जांभया. तुमच्या बहिणीवर एकदा टॉवेलवरून ओरडलो. (पुन्हा ओरडणार नाही.) मला वाटलं, हा काहीतरी मोठा आजार असणार, आणि अप्पांच्या आजारात माझा आजार घुसवणं बरं नाही, म्हणून गप्प राहिलो. मग कचेरीतून मुख्य तपासनीसांचा फोन आला. कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका माझ्याकडे होती. त्यांनी मला माझीच पाचवी पायरी वाचून दाखवली : "कपडे आत घालून मंद आचेवर ठेवावेत, चिमूटभर वेलची घालावी आणि एक उकळी येऊ द्यावी." ते अत्यंत शांतपणे वाचत होते. मी अकरा वर्षं या कामात आहे आणि ते शांतपणे कधीच बोलत नाहीत. म्हणाले, छपाईला जायच्या आधी सापडलं म्हणून वाचलात, पुन्हा असं झालं तर बसून बोलावं लागेल. बसून काय बोलणार, या विचाराने मी तो दिवस उभ्यानेच काढला.

अठराव्या दिवशी उलगडा झाला. रोज सकाळी कप टेबलावर ठेवले की अप्पा म्हणायचे, "जावईबापू, दारात कुणी आहे का बघा बरं." मी जाऊन बघायचो. कुणी नसायचं. वयाने कान वाजतात, असं मी मनाशी धरलं होतं. त्या दिवशी मी दाराकडे निघालो आणि चष्मा टेबलावर राहिला म्हणून अर्ध्यातून मागे वळलो. अप्पा चमचा दोन बोटांत धरून उभे होते. त्यांनी तो फडक्याला नीट पुसला, दुसऱ्या कपात ठेवला आणि त्याची दांडी माझ्या खुर्चीच्या बाजूला वळवली. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी लावावी तशी.

चष्मा घ्यायचं राहून गेलं. ते म्हणाले, "बसा. गार होतंय."

"अप्पा, हे केव्हापासून?"

"चमचा आला त्या दिवसापासून."

"अहो पण ती खरी कॉफी आहे! तुमचं हृदय—"

"जावईबापू," ते खाली बसत म्हणाले, "ज्याला काही झालेलं नाही त्याला साखरेची पुडी औषध म्हणून द्यायची, तर तोंड कसं ठेवावं लागतं हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. तुम्हाला ते जमत नाही. पहिल्या दिवशी कप ठेवलात आणि माझ्या आधी तुम्हालाच घाम फुटला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घर मुलीचं, खुर्ची मुलीची, झोपायची वेळसुद्धा मुलीने ठरवलेली. एक कप तरी माझ्या मनासारखा असू द्या की."

ते आपला कप घेऊन गॅलरीत गेले. (तिथे ते रोज एकटेच, पाठ करून बसतात. उन्हात प्यायला बरं वाटतं म्हणतात.) मी जवाचं पाणी पुढ्यात घेऊन बसून राहिलो. डोकं का दुखत होतं ते कळलं, पण त्याचं सुख कुणाला? म्हणजे जवळजवळ दोन आठवडे मी स्वतःच्या हाताने, मसाला घालून, हृदयाच्या रोग्याला रोज दोन कप कॉफी पाजली होती. तीन दिवसांवर तपासणी. तुमच्या बहिणीला सांगावं तर अप्पांचा तो एक कप जातो, न सांगावं तर कदाचित अप्पाच जातात. मी दोन्ही पातेल्यांत जव उकळायला सुरुवात केली. अप्पांनी वास घेतला आणि फक्त "हं" म्हणाले. घड्याळ बघण्याच्या निमित्ताने मी त्यांचं मनगट धरून नाडी मोजायचो. एकदा मी मनात "बहात्तर" म्हणतोय तोच ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चौऱ्याहत्तर. तुमचे दोन सुटले."

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघे गेलो. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, कागदावर रेघा काढणारं यंत्र लावलं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मनात कबुलीजबाब जुळवत होतो; त्यातलं पहिलं वाक्य "माझा हेतू वाईट नव्हता" असं होतं. बाईंनी कागद पाहिला आणि हसल्या. म्हणाल्या, "फारच छान. आधीपेक्षा कितीतरी चांगलं. काय देता यांना?" तुमची बहीण अभिमानाने म्हणाली, "जव! यांनी स्वतः भाजून केलं." खोलीतली भिंत नसती तर मी पडलो असतो. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "बाई, आमच्या जावईबापूंकडे जरा बघा हो. तोंड पांढरं पडलंय." (मला आधी वाटलं, विषय बदलायला म्हणाले.) बाईंनी मला स्टुलावर बसवून पट्टा बांधला. आकडा बघून पुन्हा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग तुमच्या बहिणीला विचारलं, "हे दिवसाला किती कप कॉफी घेतात?"

तेव्हा, दादा, माझी अवस्था काय झाली असेल बघा. गेले पंधरा दिवस माझ्या पोटात कॉफीचा एक थेंब नव्हता आणि ते मला सांगता येत नव्हतं! सांगितलं तर पुढचा प्रश्न आलाच असता की मग ती गेली कुणाच्या पोटात. अप्पा छताकडे बघत होते. तुमची बहीण म्हणाली, "चार." मी मान खाली घातली. कॉफी दोन महिने बंद, रोज अर्धा तास चालायचं, गोळी एक सकाळी.

घरी येताच तुमच्या बहिणीने कॉफीचा डबा उचलला आणि तलावावरच्या पहारेकऱ्याला देऊन टाकला. आता आम्ही दोघेही जवाचं पितो. ते अप्पा करतात. मसाला त्यांच्या जुन्या छोट्या तराजूत मोजतात, आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा बरं करतात. मग दोघे अर्धा तास चालतो. ते पुढे, मी मागे. डोकेदुखी गेली आहे. भीती तेवढी आहे. पण ती कॉफीच्या आधीही होती.

तेव्हा तुम्ही निश्चिंत असावं. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. — मुख्य गोष्ट राहिलीच. तुमच्याकडे ताजी दळलेली कॉफी मिळते असं ऐकतो. पाव किलो पाठवता येईल का? आठवड्याला एकच कप घेईन म्हणतो. कापडात शिवून, बुटांच्या खोक्यात घालून, खालच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठवावी. तुमच्या बहिणीला कळू नये, आणि अप्पांना तर मुळीच नको. मोहाने त्यांच्या हृदयाचं काही व्हायचं.

आणखी ता. क. — चिरंजीव, हे मी लिहितोय, तुझे अप्पा. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं होतं आणि पाकीट नीट चिकटलं नव्हतं. कॉफी अजिबात पाठवू नकोस. इथे आलो त्याच दिवशी जावईबापूंचा पेन धरलेला हात थरथरताना दिसला. चार नाही, सात कप, मोजले मी. सांगितलं असतं तर काळजीनेच पडले असते, म्हणून त्यांचं औषध त्यांच्याच हातून त्यांना दिलं. त्यांची कॉफी मी एकदा जिभेला लावून पाहिली, बाकी रोज गॅलरीतल्या नळाखाली ओतली. डॉक्टरीणबाईंशी फोनवर आधीच बोलून ठेवलं होतं. माणूस फार चांगला आहे रे. माझ्या एका कपासाठी बायकोशी खोटं बोलायला तयार झाला, आणि ते त्याला येतही नाही. त्याला यातलं काही कळवू नकोस. शिंपीणबाईंच्या पत्त्यावर चहा मात्र पाठव. पाव किलो, कडक. त्या दुपारी चारला करतात, आणि त्यांची पूड संपत आली आहे.