खिडकीकडे वळलेली मान

आबा, काल डॉक्टरांनी माझ्या मानेसाठी बसवलेलं यंत्र बंद केलं. मीच सांगितलं होतं बंद करायला, पण कधी ते मला कळू द्यायचं नाही, अशी माझी अट होती. ते हसले. इतक्या वर्षांत असं मागणारा पेशंट भेटला नव्हता म्हणाले. तुमचे जावई शेजारी बसून कपाळाला हात लावत होते. एवढा संशय हिच्यात आला कुठून, असं ते सगळ्यांना विचारत असतात. तो आधी मी तुमच्यावर चालवून पाहिला होता, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

माझी मान चार वर्षांपूर्वी डावीकडे ओढायला लागली. सांगलीतल्या आमच्या शाळेत परीक्षेला मी पर्यवेक्षक असले की मुलं टरकून असतात. कॉपी पकडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. एका पेपरला माझ्या लक्षात आलं की उजवीकडची रांग फारच निवांत आहे. बाई आता डावीकडंच बघतात, हे मुलांनी माझ्या आधी ओळखलं होतं. मग उशा बदलल्या, तेल चोळून झालं, पट्टा बांधून झाला. एका दुपारी वह्या तपासता तपासता हनुवटीला सहज बोट लागलं आणि मान सरळ झाली. बोट काढलं, पुन्हा डावीकडे. ते बोट माझ्या ओळखीचं होतं.

तुम्ही फौजेतून हवालदार होऊन आलात आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर लागलात. कारखान्यामागच्या चाळीत आपली एक खोली होती, गल्लीकडे खिडकी असलेली. दोन वर्षांत तुमची मान वळायला लागली. साहेबांची गाडी आली की सॅल्यूटला हात कपाळाशी जायचा आणि मान एकदम सरळ. हात खाली आला की मान डाव्या खांद्याकडं. साहेबांना वाटायचं, हा माणूस आपली टिंगल करतो. आई तुम्हाला हाडवैद्याकडं घेऊन गेली, देवाला नवस बोलली, शेवटी तीही चिडली. जेवताना एकदा तिनं विचारलं की सॅल्यूटला बरी सरळ होते, मग आमच्यासमोरच का वाकडी? तुम्ही ताटाकडे बघायचा प्रयत्न करत म्हणालात, "मी वळवत न्हाई गं. ती वळती."

मी तेव्हा दहावीत. पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेनं माजी सैनिक पालकांना झेंड्यासमोर पुढं उभं केलं होतं. तुम्ही जुना गणवेश स्वतः इस्त्री करून घातला होता. सलामी झोकात झाली. मग सावधान म्हटलं, हात खाली आले, आणि सगळे सैनिक झेंड्याकडं बघत असताना तुम्ही एकटे डावीकडं, मुलींच्या रांगेकडं बघत राहिलात. राष्ट्रगीत संपेपर्यंत. माझ्या मागची मुलगी म्हणाली, तुझे वडील झेंडा सोडून आमच्याकडंच बघतात गं. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर पाळत ठेवली. भिंतीला डोकं टेकून बसलात की मान सरळ असते, हे टिपलं. चहा पिताना हनुवटीशी बोट नेता, तेव्हाही सरळ. रात्रपाळी करून दुपारी झोपता, तेव्हा तर एखाद्या लहान मुलासारखी सरळ. आजार झोपेत रजेवर जातो होय, असं मी मनाशी म्हटलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. मला तुम्ही लबाड आहात याचं दुःख नव्हतं आबा, तुमची लबाडी मी पकडली याचा आनंद होता. आज लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

एका सकाळी तुमची रात्रपाळी लांबली म्हणून मी डबा घेऊन फाटकावर आले. तुमचे सुपरवायझरही माजी फौजी, मिशीवाले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पोरी, खरं सांग. घरी बी असंच असतंय का?"

"झोपल्यावर न्हाई. झोपल्यावर सरळ असती."

"बघितलंस तू?"

"रोज बघती. तुमी बी या बघायला."

या बघायला, असं मी म्हणाले. येऊ का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते आले. आई बाहेर गेली होती. मी त्यांना गल्लीतून खिडकीपाशी नेलं, आणि आम्ही दोघं गजांना नाक लावून तुम्हाला बघत उभे राहिलो. तुम्ही उताणे झोपला होता. मान सरळ, हात पोटावर. ते हळूच म्हणाले, "काय गडी हाय बघ," आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

चार दिवसांनी तुम्ही नोकरी सोडलीत. कोणी काढलं नव्हतं. फाटकावर आता कोणी तुमच्याशी बोलत नव्हतं, एवढंच. तुम्ही आईला म्हणालात की आता बास, गावाकडं जाऊ. वडूजच्या पलीकडच्या आपल्या कोरडवाहू गावात तुम्ही पुढची वर्षं काढलीत, हनुवटीला बोट लावून. लग्नाकार्यात फोटो काढायची वेळ आली की तुम्ही उठून जायचात. शेवटी झोपेतच गेलात. अंगणात तुम्हाला निजवलं होतं तेव्हा भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "बघा, आता कशी सरळ हाय." मी रडत होते, तरी मनात म्हटलं की बरोबर बोलला.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला शिकाऊ मुलांसमोर खुर्चीवर बसवलं. बोट लावायला सांगितलं, काढायला सांगितलं. मग त्या मुलांना म्हणाले, याला डिस्टोनिया म्हणतात. मेंदूतून स्नायूंना चुकीचा हुकूम जातो. हलका स्पर्श झाला की मान सरळ होते, झोपेत सरळ होते, आणि त्यामुळंच घरच्यांना वाटतं की माणूस सोंग करतोय. खरं तर हीच याची खूण. मी ऐकत होते. मी तुमच्याविरुद्ध गोळा केलेला एकेक पुरावा ते मुलांना आजाराचा पुरावा म्हणून शिकवत होते. मग त्यांनी मला विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का? मी म्हणाले, नाही.

दोन वर्षं मानेत इंजेक्शनं घेतली. तीन महिने बरं, की पुन्हा ओढ. मग त्यांनी मेंदूचं ऑपरेशन सुचवलं. कवटीला दोन बारीक भोकं पाडून मेंदूत खोलवर तारा ठेवायच्या, त्या कातडीखालून कानामागनं खाली आणायच्या, आणि गळ्याच्या हाडाखाली एक बॅटरी बसवायची. तिच्यातून सतत थोडी थोडी वीज जात राहणार. मी म्हटलं, आणि ती संपली तर? चार्जिंग करायची, म्हणाले. आजार जाणार नाही, पण मान बरीच सुटेल, आणि तीही लगेच नाही, आठवडे लागतील, महिनेही. हे शेवटचं ऐकून तर माझी खात्रीच पटली की आपल्याला कोणीतरी टोपी घालतंय. दिवा लागतो तेव्हा लागतो, महिन्यांनी कसला लागतो? तरी सही केली. मला मान सरळ हवी होती, तुमच्यासारखं फोटोतून उठून जायची माझी तयारी नव्हती.

यंत्र चालू केलं त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात थोडं, चौथ्यात बरंच. परवा मी वर्गात उजवी रांग बघितली, आणि एका मुलानं घाबरून चिठ्ठी गिळली. तरीही माझं मन म्हणालं, तुला वाटतंय म्हणून झालंय. म्हणून ती अट. काल डॉक्टरांनी मला तीनदा आत बोलावलं, तीनदा छातीशी बॅटरी चालू-बंद करायचा रिमोट धरला, त्यातलं खरं बंद करणं कुठलं ते मला न सांगता. मी बाहेर बाकावर बसले. बऱ्याच वेळानं ओढ सुरू झाली. मी सगळा जोर लावला आबा, दात आवळले, बाकाची कड धरली, मान तरी वळतच गेली, आणि मला तुमचं ताटावरचं ते वाक्य ऐकू आलं. आत गेल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, लिहून घ्या. माझ्या वडिलांना होतं.

पण त्यांना न सांगितलेलं एक आहे, हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणूनच इथं लिहिते. त्या दुपारी तुम्ही झोपेत होता असं मी आईला सांगितलं होतं, स्वतःलाही सांगत आले. सुपरवायझर थाप मारून गेले, मी तिथंच उभी होते. तुम्ही डोळे उघडले होते. मान हळूहळू डावीकडे, खिडकीकडे वळली, आणि तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. ती वळली की तुम्ही वळवलीत, एवढं मला अजून कळलेलं नाही.