सासऱ्यांच्या रोटरीचं तेल

सोमवार, सकाळी ७.१०
सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं. शुक्रवारी अकराला डिस्चार्ज. टॅक्सी नको, घरी येईन तर माझ्याच गाडीतून, असं त्यांनी बजावलंय. डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग कायमचं बंद केलंय, म्हणजे शुक्रवारीच किल्ली कुणाला ते ठरणार. मला की मेहुण्याला? मेहुण्याला स्कूटरसुद्धा धड लावता येत नाही. निकाल लागल्यातच जमा.
लाल, दोन सीटची, रोटरी इंजिनाची गाडी! तूर्त किल्ली माझ्याकडे. देताना एवढंच म्हणाले की ही गाडी तेल पिते, दर दोन दिवसांनी पातळी बघा. पातळी काय, कुणीही बघेल. खरा प्रश्न तेल कुठलं, हा. रोटरीत पिस्टन नसतात. तिकोनी रोटर गरागरा फिरतो आणि इंजिन थोडं तेल स्वतःच जाळतं. त्याला ऐरंगैरं तेल चालणार नाही.
संकल्प: बुधवारपर्यंत योग्य तेल.

मंगळवार
चार तास वाचन. एक गट म्हणतो मिनरलच, सिंथेटिक नीट जळत नाही. दुसरा म्हणतो सिंथेटिकच. दोघेही एकमेकांना गाढव म्हणतात. मला दोघांचंही पटतं.
बायकोने विचारलं, डिपस्टिक पाहिलीस का. बिचारीला वाटतं, काठी बुडवली की झालं.

मंगळवार, संध्याकाळी ६
जुनं तेल काढून टाकलं. परतीची वाट बंद झाली की माणूस झटपट ठरवतो. हायसं वाटलं.

बुधवार
ठरलं नाही. पातळ की घट्ट, हा नवाच घोळ. गॅरेजवाल्याला फोन केला. म्हणाला, साधं मिनरल घाला आणि पातळी बघत जा. याला गॅरेज काढायला कुणी सांगितलं होतं?
सासऱ्यांचा फोन. गाडी तयार ना? म्हटलं, अगदी तयार. त्यांना ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनीच सांगितलंय.

गुरुवार, दुपारी १२
गाडीत थेंबभर तेल नाही. बायकोला यातलं काही बोललेलो नाही. उगाच घाबरेल.

गुरुवार, संध्याकाळी ५.४०
ठरलं! मिनरल. गॅरेजवाल्याचं मत योगायोगाने जुळलं. नरसाळ्याने भरलं, एक थेंब सांडला नाही. उद्या सोपं जावं म्हणून गाडी सुरू करून दहा पावलं पुढे घेतली आणि लगेच बंद केली. इंजिनाला उगाच त्रास कशाला?
बायको बाल्कनीतून काहीतरी ओरडत होती. कौतुकच असणार. हात हलवला.

शुक्रवार, ९.०५
सुरू होत नाही.

९.२०
नुसती घरघर. पेट्रोलचा वास.

९.४०
गॅरेजवाल्याने फोनवर विचारलं, थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलंत का? रोटरीत त्याने आत पेट्रोल साचतं म्हणे. म्हटलं, छे, असं कोण करेल? सिंथेटिकच घ्यायला हवं होतं.

१०.००
सासरे कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेत, असा नर्सचा फोन. टॅक्सी सांगू का, असं बायकोला विचारलं. ती जुना शर्ट घालून खाली उतरली.

१०.४०
तिने पेट्रोलने भिजलेले चारही स्पार्क प्लग काढले, पुसले, सुकवले, परत बसवले. शेजाऱ्यांच्या गाडीवरून बॅटरीला करंट घेतला. सुरू! हे तिला कुणी शिकवलं, विचारलं. म्हणाली, "बाबांनी. मी बारा वर्षांची होते. काल वरून तेच ओरडत होते, बंद करू नकोस."
लग्नाला नऊ वर्षं झाली. मी कधी विचारलंच नव्हतं.
इंजिन तापून तापमानाचा काटा वर येईपर्यंत थांबली आणि गाडी घेऊन गेली. परत येताना दुसऱ्या सीटवर सासरे बसणार. मी टॅक्सीने.

शुक्रवार, दुपारी २
दवाखान्याच्या दारात सासऱ्यांनी तिचे काळे हात पाहिले. "चारही काढलेस?" "चारही, बाबा." त्यांनी किल्ली तिच्याच मुठीत बंद केली आणि मूठ बराच वेळ सोडली नाही. मी पिशवी धरली.
मग कुठलं तेल घातलं ते तिच्याकडून ऐकून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "जावईबापू, तेल मात्र चांगलं निवडलंत."
घरी आल्यावर बायकोने माझ्या हातात फडकं दिलं. "दर दोन दिवसांनी पातळी बघायची. तेवढं जमेल?"
विचार करून सांगतो म्हणालो.

शनिवार, सकाळी ७.१०
पातळी बघितली. ठीक आहे.