सुधाचा चौथा मुद्दा

३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी सिलिंडर आला. दुपारी कपाटाचा एक कप्पा आवरला, बाकीचे तसेच. सुधाला जाऊन सव्वा महिना झाला. या वहीत आजवर 'सौ.' लिहीत आलो. नाव लिहायची हाताला सवय नाही.

संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाचे देवधर आले. १२ तारखेला संघात तिचं व्याख्यान ठरलेलं होतं. विषय तिचाच, 'जगाच्या सुरक्षेसाठी महासत्तेने पुढाकार घ्यावा का?' देवधर म्हणाले, कार्यक्रम रद्द नको, बाईंचं टिपण तुम्ही वाचा.
"मी सभेत कधी बोललो नाही."
"बोलायचं कुठेय, वाचायचंय. साडेपाचला सुरू, साडेसहाला सभागृह बंद. महासत्ता असली तरी साडेसहा."
हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांना चहा विचारायचा राहिला.

४ फेब्रु., बुध
टिपणवही तिच्या शिवणाच्या पिशवीत होती. शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची तसंच लिहिलंय, मुद्दे पाडून. समुद्रातले व्यापारी मार्ग, अण्वस्त्रं, दहशतवाद: एकट्या देशाला हे आवरत नाही, कोणीतरी सगळ्यांना एकत्र बोलवावं लागतं, आणि ताकद आहे त्यानेच ते करावं. मग खाली रेघ मारून: 'पण पुढारपण घेणाऱ्याने जाब द्यायलाही उभं राहावं.'

चौथा मुद्दा, 'शस्त्रं पुरवणाऱ्याची जबाबदारी'. खाली पान कोरं, पाचवा थेट पुढच्या पानावर. समासात पेन्सिलीने:
'बातम्यांत पेट्या दिसल्या की हे खुर्चीतून उठून टीव्हीजवळ का जातात? यांना विचारणे.'

वही मिटली. फिरायला गेलो नाही.

६ फेब्रु., शुक्र
मला वाटायचं तिचं लक्ष नसतं. बातम्या लागल्या की ती वाटाणे सोलायची नाहीतर काहीतरी लिहायची.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षं. शेवटची बरीच वर्षं पॅकिंगला. लग्नानंतर एकदा तिने विचारलं होतं, तुम्ही दिवसभर करता काय? म्हटलं, नोकरीचं आहे, घरी बोलायचं नसतं. "बरं," म्हणाली. पुन्हा कधी विचारलं नाही. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. सांगता आलं असतं. गुपित असं माझ्यापाशी काय होतं?

तिला प्रश्न होता, तो वहीत लिहिण्याइतका; मला विचारण्याइतकी जागा मी ठेवली नव्हती.

८ फेब्रु., रवि
बागेत देवधर भेटले. टिपणाचं सांगितलं. चौथा मुद्दा अपुरा आहे एवढंच.
"मग गाळा. तिसऱ्यावरून पाचव्यावर. कोणाला कळणार नाही, निम्मे डुलक्या घेत असतात."
थोडं चालल्यावर म्हणाले, "मी बाईंना नेहमी म्हणायचो, तुमच्या त्या जगाच्या पोलिसाला बोलावलं कोणी? तर म्हणायच्या, देवधर, तुमच्याकडे चोर शिरला की तुम्ही काय ठराव मांडणार का?"
हसले. मग चष्मा पुसत बसले. मी उगाच झाडांकडे पाहिलं.
निघताना म्हणाले, "आता वाद घालायला कोणी नाही हो. सगळे मान डोलावतात."

९ फेब्रु., सोम
रात्री आठच्या बातम्या. कुठल्यातरी बंदरात लाकडी पेट्या उतरवत होते. उठलो. पडद्याशी गेल्यावर कळलं की उठलोय. मागे वळून पाहिलं, तिच्या खुर्चीकडे.
टीव्ही बंद केला.

११ फेब्रु., बुध
चार वेळा लिहिलं, फाडलं. शेवटी एवढंच ठेवलंय, जसं तिला सांगितलं असतं तसं:

'आमच्या पेट्यांवर देशाचं नाव नसे, नंबर असे. झाकण बसलं, नंबर तपासला, की माझं काम संपे. कुठे जाणार ते आम्हाला सांगत नसत आणि मी कधी विचारलं नाही. टीव्हीवर पेटी दिसली की मी नंबर बघायला उठतो. आमची निघाली तर काय करणार, ते मला माहीत नाही. आजवर एकही नंबर वाचता आलेला नाही.'

वेगळ्या कागदावर आहे. वहीत डकवला नाही. तिच्या व्याख्यानात माझं का घालायचं? आणि लोकांसमोर वाचलं तर तिच्याआधी त्यांना सांगितल्यासारखं होईल.
पण प्रश्न तिचाच आहे.

देवधरांचा फोन. "गाळताय ना?"
"बघतो."
"बघतो म्हणजे चौथ्याला पाच मिनिटं धरू की नको?"
"धरा."
ठेवल्यावर वाटलं, असं कसं बोलून गेलो.

१२ फेब्रु., गुरु
पहाटेच जाग आली. टिपण मोठ्याने दोनदा वाचून पाहिलं, स्वयंपाकघरात. तिसऱ्या मुद्द्यापर्यंत आवाज नीट येतो. चौथ्याला दोन्ही वेळा मनातल्या मनात वाचलं गेलं.
वही पिशवीत ठेवली. कागद चौघडी करून खिशात. काढेन की नाही, तिथे गेल्यावर.
तीन वाजलेत. चपला घालून जावं की बूट? बूट काढले. कालचा पेपर अंथरून पॉलिश केलं, आधी डावा, मग उजवा.