ठरवलं की होतं

८ जून, रविवार. सकाळी ९
अंगद काल चाकणहून आला आणि आज नाश्त्याला बोलला. मुलगी बघू नका, म्हणाला. मला पुरुष आवडतात, जन्मापासून असाच आहे. वय सत्तावीस, इंजिनिअर, पोहे खाता खाता बोलला. एक घाससुद्धा चुकला नाही. दीपा शेंगदाणे निवडत होती, ती निवडतच राहिली. ओरडलो तो मी एकटाच.

जन्मापासून म्हणे! जन्मला तेव्हा मी दवाखान्यात हजर होतो. तीन किलोचा होता आणि त्याला काहीही आवडत नव्हतं.

हा सगळा निवडीचा मामला आहे. माणसाने ठरवलं की होतं. माझ्याकडे याचा पक्का पुरावा आहे.

आजपासून नोंदी ठेवणार. आमच्या शिंगणापुरात घराला दार नसतं. नुसती चौकट आणि पडदा. कुलूप नाही, लपवाछपवी नाही. मलाही लपवण्यासारखं काही नाही. वही दुकानात तेलाच्या खोक्यांमागे ठेवली आहे.

१४ जून, शनिवार
संकल्प केला. अकरा शनिवार देवाला तेल. मोजून पाहिलं, अकरावा तेवीस ऑगस्टला येतो आणि त्या दिवशी शनी अमावस्या! याला म्हणतात योग. तीस वर्षं लोकांना तेल, रुईच्या माळा, काळा कपडा विकतोय, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. आताही स्वतःसाठी नाहीच, मुलासाठी.

शेजारचा बन्सी रसवंतीवाला रांगेत भेटला. "भिमाजी, तू आन् रांगंत? काय झालं रं?" गुडघ्यासाठी, म्हटलं. पुढच्या अकरा शनिवारांची सोय झाली.

१९ जून, गुरुवार
अंगदला फोनवर पूर्ण प्रोग्रॅम दिला. जिम बंद, तिथे सगळे पुरुषच असतात. पहाटे गार पाण्याची आंघोळ. सहा वाजता दहा मिनिटं डोळे मिटून ठरवायचं.

काय ठरवायचं, त्याने विचारलं. तेच, म्हटलं. मग म्हणाला, पप्पा, बरोबर दहाच मिनिटं लागतात हे तुम्हाला कसं माहीत?

रेंज गेली. म्हणजे मी घालवली.

२४ जून, मंगळवार
नगरला जाऊन मानसोपचाराच्या डॉक्टरला भेटलो. डॉक्टर म्हणजे पोरगीच, आमच्या अंगदएवढी. हा आजार नाही, म्हणाली. कुणी हे निवडत नाही. मेंदू, जन्म, आणखी बरंच काही असेल, सगळं अजून कळलेलं नाही. पण जबरदस्तीने बदलत नाही, उलट माणूस मोडतो. म्हणजे काहीच माहीत नाही आणि वर ठामपणा!

मी मुद्द्याचं विचारलं. मग नुसतं ठरवून कंट्रोलमध्ये कसं येतं?

कुणाच्या आलं, तिने विचारलं.

जनरल बोलतोय, म्हटलं. तिने पेन खाली ठेवलं. स्वतःबद्दल बोलायचं असेल तर पुन्हा या, म्हणाली. मुलासाठी आलोय हे मी तिला तीनदा सांगितलं होतं. आजकालचे डॉक्टर पेशंटचं नीट ऐकूनच घेत नाहीत.

२९ जून, रविवार. दुपारी ४
मोठं यश. केडगावला मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. नाव मोनिका, बी.एस्सी., बोलायला चुणचुणीत. अंगद यायला तयार नव्हता. दीपाने फोन केला म्हणून आला. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. वीस मिनिटं! आम्ही खाली हसणं ऐकत होतो. दोघांचंही. मी आणि दीपा लग्नाआधी वीस सेकंदही बोललो नव्हतो, हसणं तर लांबच.

अवघ्या तीन शनिवारांत हा रिझल्ट. मुलीचा बाप खुश, मी खुश. येताना गाडीत दीपा मात्र एक शब्द बोलली नाही. बायकांना आनंद व्यक्त करता येत नाही.

२ जुलै, बुधवार
केडगावहून फोन. नकार. अंगदने तिला गच्चीवर पहिल्या मिनिटालाच खरं सांगून टाकलं होतं. मुलगी घरी म्हणाली म्हणे, एवढा सरळ बोलणारा हा पहिलाच भेटला, त्याला त्रास देऊ नका. आता दोघं मोबाईलवर मित्र आहेत.

दीपाला सांगितलं. ती पीठ मळत होती. "बरं झालं," म्हणाली. "एका पोरीचं वाचलं." एका पोरीचं म्हणजे काय, विचारणार होतो. पण दुकान उघडायचं होतं.

१२ जुलै, शनिवार. सकाळी ६.१५
पाचवा शनिवार. आता पुरावा लिहून काढतो. मनात नुसता ठेवून उपयोग नाही, योग्य वेळी अंगदपुढे मांडायचा आहे.

१९९१. नगरचं बोर्डिंग. खोलीत मी आणि पाथर्डीकडचा कानिफनाथ. तो तालमीत जायचा. हिवाळ्यात दोघांत एक पांघरूण होतं. पुढचं लिहायची गरज नाही. एक हिवाळा. मी एवढा आनंदात पुढे कधीच नव्हतो, पण तो मुद्दा नाही.

मुद्दा हा की मी ठरवलं. असल्या गोष्टी सगळ्याच पुरुषांच्या मनात येतात. प्रत्येक जण ठरवतो आणि मार्गाला लागतो. पंचाण्णवला माझं लग्न झालं. त्या दिवशी सकाळी ठरवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरवलं. तेव्हापासून रोज सहा वाजता, दहा मिनिटं. आजारी असलो तरी खाडा नाही. पूर्वी पुरुषांनी आंघोळ करून ओल्या वस्त्राने चौथऱ्यावर जायची पद्धत होती, सगळी गर्दी माझ्या दुकानासमोरून जायची. ती सगळी वर्षं मी रस्त्याकडे पाठ करून बसलो. गिऱ्हाईक हाका मारून थकायचं. विल पॉवर म्हणतात ती हीच!

मी करू शकलो तर अंगद का नाही? आजची पोरं आळशी आहेत.

कानिफनाथ वर्षातून एकदा शनी अमावस्येला येतो. माझ्याकडूनच तेल घेतो. म्हणून त्या दिवशी नवीन शर्ट घालतो. गिऱ्हाइकापुढे नीटनेटकं असावं.

२६ जुलै, शनिवार
सातवा. बन्सीने गुडघ्याचं विचारलं. फरक आहे, म्हटलं. लंगडायचं विसरलो होतो, घरापर्यंत लंगडत गेलो.

अंगदचा फोन दीपाला रोज येतो. मला येत नाही. ती मागच्या अंगणात जाऊन बोलते. हळू बोलते, पण परवा हसली. दीपा हसते कशी, हे मी विसरूनच गेलो होतो.

१० ऑगस्ट, रविवार
अंगद पंधरा ऑगस्टला जोडून तीन दिवस येतोय. प्लॅन पक्का. रविवारी सकाळी दीपाला दुकानात बसवायचं, पडदा ओढायचा आणि पुरावा मांडायचा. बापाने स्वतःचं उदाहरण दिल्यावर कुठला मुलगा ऐकणार नाही?

१७ ऑगस्ट, रविवार. दुपारी १
सांगितलं. सगळं. बोर्डिंग, कानिफनाथ, पाठ करून बसणं, दहा मिनिटं. आवाज थोडा चढला, कारण हे मी आयुष्यात पहिल्यांदाच तोंडाने बोलत होतो. शेवटी म्हटलं, बघ, सगळ्यांना निवडावंच लागतं. मी निवडलं. तूही निवड.

मला वाटलं होतं वाद घालेल. तो रडायला लागला. मग म्हणाला, पप्पा, सगळ्यांना नाही लागत हो. बाकीच्यांच्या वडलांना रोज सकाळी उठून हे ठरवावं लागत नाही.

त्याने माझा हात धरला. मी सोडवून घेतला. का सोडवला, माहीत नाही. धरून ठेवावासा वाटत होता.

आमच्याकडे पडदा ओढला की दार लावलं असं धरतात. बाहेरचा माणूस आत येत नाही, हाक मारतो. तीस वर्षं या गावच्या घरात राहून मी एवढं विसरलो की पडद्यातून आवाज जातो. दीपा सुट्टे पैसे न्यायला परत आली होती. ओट्यावर उभी होती. किती वेळ, विचारलं नाही.

पडदा बाजूला करून आत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तीस वर्सं मी आरशात बघत हुते," म्हणाली. "माझ्यातच काय कमी हाय, म्हून. आईनं सांगितलं, केसाला गजरा लाव. गजरा लावला. तुमच्या म्होरं रडायचं न्हाई म्हून न्हाणीत रडले. आन् तुमी रोज सकाळी उठून ठरवत हुता व्हय? मला कुनी इचारलं?"

मी म्हटलं, मी कधी तुला हात उगारला का? कधी कमी पडू दिलं का?

"न्हाई," म्हणाली. "तेच तर सांगते."

१८ ऑगस्ट, सोमवार
दीपा अंगदबरोबर गेली. चार दिवस म्हणाली. गाडीत पुढे बसली, त्याच्या शेजारी. पिशवी मोठी होती, चार दिवसांची वाटली नाही.

मीठ कुठे असतं ते सापडत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार
अजून सगळं हातचं गेलेलं नाही. अंगदचं म्हणणं, सगळ्यांना ठरवावं लागत नाही. दीपाने तेच मनावर घेतलं. मी खोटं पाडू शकतो. साक्षीदार आहे. शनिवारी कानिफनाथ येईल, त्यालाच विचारीन की तू कसं ठरवलंस, तुला किती मिनिटं लागतात. त्याने नुसतं हो म्हटलं की लगेच दीपाला फोन लावून त्याच्याशी बोलायला देईन.

निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

२३ ऑगस्ट, शनिवार. शनी अमावस्या
अकरावा शनिवार. पहाटेच तेल घातलं. गर्दी प्रचंड. आज दुकानात रस्त्याकडे तोंड करून बसलो, कानिफनाथ चुकू नये म्हणून.

अकराला आला. पोट सुटलंय, मिशी पांढरी झाली. कडेवर नातू. बायको आणि सून पुढे रांगेत गेल्या होत्या. त्याला आत बसवलं, नातवाला चिक्की दिली, आणि विचारलं. बोर्डिंगनंतर तू कसं ठरवलंस रे?

"काय ठरवलं?"

ते. आपलं. एका पांघरुणातलं.

तो जरा आठवत बसला. खरंच आठवत होता, नाटक नव्हतं, मी त्याचा चेहरा ओळखतो. मग हसला. "ते व्हय? अरं, पोरवय हुतं. आन् त्या साली थंडी लई हुती."

रोज सकाळी ठरवावं लागतं का तुला, विचारलं. एकदा तरी? लग्नाच्या दिवशी तरी?

"न्हाई बा," म्हणाला. "कशाला ठरवायचं?" मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि त्याचं हसणं गेलं. नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. तेलाची बाटली न घेताच उठला. "येतो भिमाजी, तब्येतीला जप." पुढच्या दुकानातून तेल घेताना दिसला.

दीपाला फोन लावला नाही.

थंडी होती. एवढंच. तीस वर्षं मी समजत होतो की समोरून जाणारा प्रत्येक माणूस सकाळी उठून हेच करून आलाय. रस्ताभर माणसं होती आणि त्यातला एकही माझ्यासारखा बसला नव्हता.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ६
सवयीने उठलो, डोळे मिटून बसलो. दहा मिनिटं झाली. काहीच ठरवलं नाही. चहा केला, साखर सापडली नाही, तसाच प्यायलो. अंगदला फोन करायला हवा. तू खरं बोलत होतास, एवढंच म्हणायचं आहे. नंबर काढला आणि मोबाईल परत ठेवला.

आठला दुकान उघडलं. बन्सी ऊस सोलत होता. अकरा शनिवार झालं, म्हणाला, गुडघा कसा हाय?

तसाच आहे, म्हटलं. हा जायचा नाही. जन्मापासूनचा आहे.

बन्सीने कोयता खाली ठेवला. "मंग येवढं तेल कशापायी घातलं?"